जामा बोर्ड टीव्हीला जोडायचाय, कनेक्टर कुठला लावू? (व्हीजीए, कंपोनंट, स्कार्ट का बीएनसी)

परभणीकर_पिक्सेल

नमस्कार मंडळी. आमच्या इथं पूर्वी एक व्हिडिओ गेम पार्लर होतं, ते बंद पडून लई वर्षं झाली, पण मालकाच्या घरी माळ्यावर गेम मशिनमधले सर्किट बोर्ड तसेच गुंडाळून ठेवलेले होते, ते मी विकत घेतले. सगळे जामाचे, म्हणजे ५६ पिनच्या पट्टीचे. एक मॉर्टल कोम्बॅट आहे, एक कॅपकॉमचा सीपीएस-१ आहे, एक विमानाचा आहे, आणि एक उभ्या स्क्रीनचा दिसायलाय. हार्नेस (बोर्डाच्या पट्टीला लावायचा वायरींचा जुडगा) आहे, गेमचा पॉवर सप्लायपण आहे. कॅबिनेट मात्र नाही, ट्यूब गेली म्हणून ते कधीच भंगारात गेलं.

माझ्याकडं डिस्प्ले तीन आहेत. १७ इंची एलसीडी, व्हीजीएवाला. २१ इंची फ्लॅट ट्यूबचा टीव्ही, मागं एव्ही आहे आणि हिरवा-निळा-लाल असं कंपोनंटपण आहे. आणि घरातला एलईडी, एचडीएमआयचा. यंदा आमच्या कॉलनीच्या गणपतीत पोरांना खेळायला ठेवायचंय, त्यामुळं कधी ह्या टीव्हीला कधी त्या टीव्हीला असं होणार. हार्नेसच्या टोकाला एकदाच एक चांगलं सॉकेट लावून मोकळं व्हावं म्हणतो. दुकानदार म्हणायलाय की आरजीबी (लाल-हिरवा-निळा वेगवेगळ्या वायरींत) म्हणजे आरजीबी, व्हीजीएचं सॉकेट लाव बिनधास्त. लावू का?

जालना_सोल्डर

भाऊ थांब. सॉकेट लावायला हरकत नाही पण त्या एलसीडीवर चित्र येणार नाही, "आऊट ऑफ रेंज" येईल नाहीतर नुसता काळा पडदा. तुझे बोर्ड १५.७ किलोहर्ट्झच्या आसपास आडव्या रेघा काढतात आणि व्हीजीए मॉनिटर ३१.५ पासून पुढं ऐकतो. काही निवडक जुने मॉनिटर १५ घेतात पण तुझा घेईलच असं धरून चालू नको. आणि जामात सिंकची (रेघ आणि चित्र कुठून सुरू करायचं ते सांगणाऱ्या सिग्नलची) वायर एकच असते, व्हीजीएला आडवं आणि उभं सिंक वेगवेगळं लागतं. प्लग बसला म्हणजे सिग्नल बसला असं नसतंय.

ट्यूबवाला_काका (टीव्ही सेंटर, संभाजीनगर)

पिक्सेल, बाळा, जालनेकरांनी बरोबर सांगितलं. मी जरा सविस्तर लिहितो कारण ह्या विषयावर मराठीत कुणी नीट लिहिलेलं नाही आणि लोक सॉकेट बघून सामान घेतात आणि मग बोर्ड खराब आहे म्हणून विकून टाकतात, हे बघवत नाही.

कनेक्टर सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी बोर्ड काय देतो ते बघ. जामा हे जपानच्या गेम मशिनवाल्यांच्या संघटनेचं १९८५ चं स्टँडर्ड. पट्टीच्या पार्ट्सच्या बाजूला १२ नंबरवर लाल, १३ वर निळा, १४ वर व्हिडिओ ग्राउंड. सोल्डरच्या बाजूला एन वर हिरवा आणि पी वर सिंक. म्हणजे चार सिग्नल आणि एक ग्राउंड, चित्राचा सगळा मामला ह्या पाच वायरींत आहे. पिन ७ वर खाच असते, हार्नेसमध्ये तिथं किल्ली असली पाहिजे, नसेल तर आधी ती बसव, उलटा लावलास तर बोर्ड जाऊ शकतो.

आता त्या सिग्नलची ताकद. हे बोर्ड घरातल्या टीव्हीसाठी बनलेलेच नव्हते. कॅबिनेटमधल्या मॉनिटरच्या चासीला (आतल्या सर्किटला) रंग तीन-चार व्होल्टचा, काही बोर्डात पाचच्या जवळ, असा चालायचा, आणि ती चासी बोर्डावर फारसा लोड टाकायची नाही. टीव्ही, स्टुडिओ मॉनिटर, स्केलर (जुनं चित्र नव्या स्क्रीनला जुळवून देणारी डबी) ह्या सगळ्यांना रंग पाहिजे ०.७ व्होल्ट, आणि तोही ७५ ओहमच्या लोडवर. सिंकचं तसंच, बोर्डाचं सिंक पाच व्होल्टच्या लॉजिकचं. ते सरळ आत सोडलं तर चित्र भडक होतं, पांढऱ्यातला तपशील पुसून जातो, आणि महागाचा स्केलर असला तर त्याचं इनपुट कायमचं जाऊ शकतं.

तुझ्या २१ इंचीचं कंपोनंट बघून तुला वाटेल की लाल-हिरवा-निळा सॉकेट आहेत, म्हणजे तिथंच लाल-हिरवा-निळा लावायचा. तसं करू नको. रंग सारखे असले तरी तो सिग्नल वेगळा. हिरव्यातून उजेड आणि सिंक एकत्र जातं, निळ्या-लालमधून फक्त रंगांचा फरक जातो. मध्ये आरजीबी टू कंपोनंट ट्रान्सकोडर लागतो. पण तो एकदा लावला की तुझ्याकडच्या तिन्हीत सगळ्यात देखणं चित्र त्या ट्यूबवरच येणार, कारण ती ट्यूब मुळातच १५ किलोहर्ट्झची आहे, कुठं काही बदलावं लागत नाही, उशीर शून्य. आपल्या चितेगावच्या कारखान्यात व्हिडिओकॉनचे असे किती टीव्ही बनले, आज भंगारवाले ते तांब्यासाठी फोडायलेत. कंपोनंटवाला ट्यूब टीव्ही कुणाकडं दिसला तर सोडू नका.

परभणीकर_पिक्सेल

काका लई लई धन्यवाद. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मग नुसतं पिवळ्या एव्हीला नाही का लावता येणार? ते तर सगळ्या टीव्हीला असतंय.

ट्यूबवाला_काका (टीव्ही सेंटर, संभाजीनगर)

येतं, एन्कोडर (तिन्ही रंग आणि सिंक एका वायरीत घालणारं सर्किट) लागतो. एडी७२४ किंवा सोनीचा सीएक्सए१६४५, दोन्ही आयसी चांगले. पण बोर्ड साधारण ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) चालतात म्हणून टीव्हीने एव्हीवर एनटीएससी (६० हर्ट्झची टीव्ही पद्धत) घेतलं पाहिजे, जुने नुसते पालवाले (आपल्याकडच्या पद्धतीचे) असले तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा उभं फिरत राहतं. आणि एकाच वायरीत सगळे रंग कोंबल्यावर अक्षरांच्या कडेला रंग सांडतोच. कंपोनंट असताना पिवळ्याकडं जाऊ नको.

उदगीरचा_गेमर

मी ऑनलाइन "आरजीबी टू एचडीएमआय" म्हणून एक डबी मागवली होती, तिच्यावर व्हीजीएचंच सॉकेट होतं आणि विकणाऱ्याने सगळं चालतं म्हणून लिहिलेलं, पण १५ किलोहर्ट्झ तिनं ओळखलंच नाही. म्हणून एलईडीचं बोलायचं तर कनेक्टरपेक्षा डबी काय घेते ते वाचा, आणि इनपुटच्या यादीत २४०पी (२४० रेघांचं चित्र) किंवा १५ किलोहर्ट्झ हे शब्द नसतील तर पैसे घालू नका.

स्वस्तातलं चालणारं म्हणजे जीबीएस-८२००. उघडा हिरवा बोर्ड येतो, पाच व्होल्टवर चालतो, १५ किलोहर्ट्झ आरजीबी आणि एकत्र सिंक घेतो आणि बाहेर व्हीजीए देतो. म्हणजे तुझी १७ इंची कामाला येईल. मूळ फर्मवेअर मात्र २४० रेघांचं चित्र इंटरलेस (एकाआड एक रेघा काढणारं) समजून चाळवतं, हलताना कडा फाटल्यासारख्या दिसतात. त्यावर जीबीएस-कंट्रोल म्हणून मोफत फर्मवेअर आहे, ईएसपी८२६६ चा छोटा बोर्ड जोडून टाकायचं, त्यानं फरक एकदम दिसतो. पैसे असतील तर ओएसएससी किंवा रेट्रोटिंक, हे महागातले स्केलर.

पण तुझ्या मॉर्टल कोम्बॅटचं एक लक्षात ठेव. तो बोर्ड ५४.७ हर्ट्झवर चालतो, साठवर नाही. आयरेमचे एम७२ बोर्ड ५५ वर. ओएसएससी जे येईल ते तसंच पुढं ढकलतो, म्हणून उशीर जवळजवळ नाही, पण मग एलईडीनं ५४.७ घेतलं पाहिजे, आणि कितीतरी टीव्ही "सिग्नल नाही" म्हणून मोकळे होतात. सीपीएस-१ ५९.६ च्या आसपास, त्याला बहुतेक टीव्ही काही म्हणत नाहीत. ट्यूबवर ५४.७ ला कधीकधी उभं होल्ड किंवा उंची किंचित फिरवावी लागते तेवढंच.

धाराशिव_ताई

नमस्कार, मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. काकांनी ०.७ व्होल्ट सांगितलं, ते कसं आणायचं ते मी सांगते कारण इथंच लोक अंदाजाने रेझिस्टर लावतात.

समजा बोर्डाच्या लाल पिनवर तीन व्होल्ट येतात आणि पुढं ७५ ओहमचा लोड आहे. मध्ये सिरीजमध्ये आर लावला तर पुढं मिळतात ३ गुणिले ७५ भागिले (७५ अधिक आर). ०.७ पाहिजे तर आर येतो साधारण २४६, म्हणजे बाजारात मिळणारा २२० किंवा २७०. सिंकला पाच व्होल्ट धरले आणि ४७० लावला तर ०.६९ मिळतात, म्हणून सिंकला ४७० हा आकडा सगळीकडं दिसतो.

आता ह्यात मेख अशी की बोर्डाच्या आत काय आहे त्यावर हे हिशोब टिकतात. ज्या बोर्डाला शेवटी ट्रान्झिस्टरचा फॉलोअर (सिग्नलला जोर देणारा टप्पा) आहे त्याला तीनेकशे ओहमचा लोड चालतो. पण जुन्या, १९८० च्या आसपासच्या बोर्डांत नुसती रेझिस्टरची शिडी असते. पॅक-मॅनमध्ये १ के, ४७० आणि २२० असे रेझिस्टर एकत्र येऊन लाल तयार होतो. त्याला तुम्ही पुढून इतका लोड दिला की त्या शिडीची सगळी प्रमाणं बदलतात आणि गडद छटा एकमेकांत मिसळतात. म्हणून माझा सल्ला सरळ आहे, प्रत्येक रंगाला आधी १ के चा ट्रिमपॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) आणि त्याच्यामागं व्हिडिओ बफर आयसी. टीएचएस७३७४ मध्ये चार चॅनेल असतात, तीन रंगांना तीन, चौथा मोकळा राहतो. आयसी बारीक पायांचा आहे, सोल्डरिंगची सवय नसेल तर अडॅप्टर पीसीबी घ्या.

सिंकला एलएम१८८१ बसवा. आठ पायांचा साधा आयसी आहे, डीआयपीमध्ये (हाताने सोल्डर करता येणाऱ्या मोठ्या पायांचा) मिळतो, आणि खराब सिंक स्वच्छ करून देतो.

ट्रिमपॉट फिरवताना मल्टीमीटरवर जाऊ नका, तो सरासरी दाखवतो, तुम्हाला टोक पाहिजे. स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नलची लाट दाखवणारं यंत्र) लागतो. बऱ्याच बोर्डांत पिन १५ ग्राउंडला टेकवली की टेस्ट स्क्रीन येते, त्यात पांढरा पट्टा असतो, त्यावर तिन्ही रंग सारखे करा. परभणीत कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा, सुट्टीच्या दिवशी कुणीतरी नक्की स्कोप दाखवेल.

जालना_सोल्डर

ताईंनी एक नंबर सांगितलं. आता मूळ प्रश्नावर या, सॉकेट कुठलं. माझं मत व्हीजीएचंच, १५ पिनचं तीन ओळींचं. दोन स्क्रूने घट्ट बसतं, केबल कुठंही मिळते, चांगल्या केबलच्या आत तिन्ही रंगांना बारीक कोअॅक्स (जाळीच्या आवरणाची वायर) असते, स्वस्त आहे. सिंक १३ नंबरवर द्यायचं, वरून ठळक अक्षरात "१५ किलोहर्ट्झ, मॉनिटरला लावू नये" असं लिहायचं. फक्त दोन ओळींचं १५ पिनचं आणू नका, ते सुपरगनमध्ये (कॅबिनेटशिवाय बोर्ड चालवायच्या डबीत) कंट्रोलरला लागतं.

लातूर_सीसीटीव्ही

मी कॅमेरे बसवायचं काम करतो, गेमचं मला फार कळत नाही, पण धागा वाचूलालो आणि राहवेना. तुम्हाला ७५ ओहमची वायर आणि लॉक होणारं कनेक्टर पाहिजे ना, मग बीएनसी का नाही? आमच्या धंद्यात तेच आहे. लातुरात, उदगिरात, अंबाजोगाईत, कुठल्याही सीसीटीव्हीच्या दुकानात पुडीभर मिळतात. आरजी-५९ ही ७५ ओहमचीच. स्क्रूवाले बीएनसी घेतले तर क्रिंपिंग टूलपण लागत नाही, पण गणपतीत ठेवायचं तर क्रिंपवालेच लावा, ओढाओढीत स्क्रूवाले ढिले होतात. बीएनसी टू आरसीए कन्व्हर्टर आमच्याकडं डब्यात पडलेले असतात, म्हणजे त्या कंपोनंटच्या सॉकेटला लावायचा प्रश्नपण मिटला.

एक सांगतो, ३+१ केबल घेऊ नका. त्यात तीन पॉवरच्या आणि एकच कोअॅक्स असते, तुम्हाला कोअॅक्स चार लागणार. चार सुट्या घ्या, सारख्या लांबीच्या कापा, आणि दोन्ही टोकांना लाल-हिरवा-निळा-काळा असा टेप मारा म्हणजे अंधारातपण चुकणार नाही.

ट्यूबवाला_काका (टीव्ही सेंटर, संभाजीनगर)

लातूरकर, हे तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. स्टुडिओवाले सगळे मॉनिटर बीएनसीचेच असतात. सोनीचे पीव्हीएम पूर्वी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणाऱ्यांकडं असायचे, आजही एखाद्याच्या दुकानात कोपऱ्यात पडलेला असतो. पुढंमागं पिक्सेलला तसला मिळाला तर केबल थेट लागेल. फक्त मागचं ७५ ओहमचं टर्मिनेशन चालू आहे का बघायचं, बंद असेल तर चित्र दुप्पट भडक दिसतं.

जालनेकर, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण गणपतीचा मांडव आहे. वरची पाटी वाचायला कुणी थांबत नाही. एखाद्या पोराने ते व्हीजीए बघून लॅपटॉपची केबल तिथं खोचली तर? सारखा आकार आणि वेगळा सिग्नल, ह्यातूनच सगळे घोटाळे होतात. स्कार्टचंही तेच आहे. २१ पिनचं फ्रान्समधून निघालेलं, लेव्हल छान ठरलेली, १५ लाल, ११ हिरवा, ७ निळा, २० वर सिंक. पण अगदी त्याच आकाराचं जपानी आरजीबी-२१ आहे आणि त्याच्या पिना निराळ्या. आपल्याकडच्या टीव्हींना स्कार्ट जवळपास नसतंच, सॉकेट बाहेरून मागवावं लागतं, आणि ते लॉक होत नाही, केबलच्या वजनानेच सुटतं. ओएसएससीला स्कार्ट इनपुट आहे, त्याच्यासाठी बीएनसी टू स्कार्टची एक केबल बनवून ठेवायची, बास.

जालना_सोल्डर

काका मांडवाचा मुद्दा मान्य आहे. माझ्या टेबलवर मी व्हीजीएच ठेवणार कारण जीबीएसला ते थेट जातं. पण बाहेर नेणाऱ्याला बीएनसी बरं.

उदगीरचा_गेमर

एलईडीच्या मागं कंपोनंट असेल तर तिथं लावायचा मोह होईल, तेवढा टाळा. बरेच एलईडी २४०पी ला ४८०आय (इंटरलेस चित्र) समजतात, हलणारी माणसं दाते पडल्यासारखी दिसतात आणि बटण दाबल्यावर मारायला उशीर होतो. फायटिंग गेममध्ये ते सहन होत नाही.

परभणीकर_पिक्सेल

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. एक पत्र्याचा डबा, आत ताईंनी सांगितलेलं, तीन ट्रिमपॉट, टीएचएस७३७४ आणि एलएम१८८१. डब्यावर चार बीएनसी. तिथून ट्रान्सकोडर आणि २१ इंची ट्यूब, हा मांडवातला सेट. मॉर्टल कोम्बॅट फक्त ट्यूबवरच. घरी खेळायला जीबीएस आणि १७ इंची.

दोन गोष्टी राहिल्या. एक तर आवाज, जामाच्या पिन १० आणि एल वरून स्पीकरच्या वायरी येतात, त्या टीव्हीच्या लाल-पांढऱ्यात दिल्या तर चालतंय का? दुसरं, उभ्या स्क्रीनचा बोर्ड लावला तर चित्र आडवं पडणार ना, मग टीव्ही कुशीवर ठेवू का?

धाराशिव_ताई

आवाज थेट देऊ नका. त्या दोन पिनवर बोर्डातल्या अॅम्प्लिफायरचं स्पीकरचं आउटपुट असतं, आणि काही बोर्डांत तो अॅम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा असतो, म्हणजे एल वरची वायर ग्राउंड नसते. ती टीव्हीच्या ग्राउंडला टेकली की अॅम्प्लिफायरचा आयसी जळतो. सगळ्यात सोपं म्हणजे आठ ओहमचा स्पीकर एका लाकडी खोक्यात घालून दोन वायरी त्यालाच द्या, मांडवात आवाजही चांगला येतो. टीव्हीतूनच पाहिजे असेल तर मध्ये छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावून लेव्हल कमी करा.

आणि चित्र जुळवायच्या आधी पट्टीजवळ पाच व्होल्ट मोजा, सप्लायच्या टोकाला नाही. वायरीत थोडं पडतं. बोर्ड चालू असताना ४.९५ ते ५.०५ मध्ये ठेवा. मांडवातली लाइट कमी-जास्त होते, स्टॅबिलायझर लावलात तर बरं. पट्टी काळी पडली असेल तर पांढऱ्या खोडरबरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रंग येतो-जातो असं झालं की निम्म्या वेळा कारण तिथंच सापडतं.

ट्यूबवाला_काका (टीव्ही सेंटर, संभाजीनगर)

टीव्ही कुशीवर ठेवता येतो पण ट्यूबची काच पुढून जड असते, दोघांनी धरायचं, खाली पक्की फळी, आणि ज्या बाजूला हवेच्या जाळ्या आहेत ती बाजू दाबायची नाही. फिरवल्यावर कोपऱ्यात रंगाचे डाग दिसतील, टीव्ही पूर्ण बंद करून अर्ध्या तासाने लावायचा म्हणजे आतली डीगॉस (ट्यूबचं चुंबकत्व काढणारी) कॉइल काम करते. मांडवात मात्र उभा बोर्ड नेऊ नको, पोरं टेकतात.

झाकण उघडायचं नाही. कुणी म्हणेल की कंपोनंट नसलेल्या टीव्हीत आतून आरजीबी काढून देतो. ते होतं, पण बऱ्याच जुन्या टीव्हीची चासी थेट मेनवर असते, तिचं ग्राउंड आणि तुझ्या बोर्डाचं ग्राउंड जोडलं की २३० व्होल्ट जॉयस्टिकच्या लोखंडी प्लेटवर येतात. आणि ट्यूबच्या टोपीवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट. तुझ्या टीव्हीला मागं एव्ही-कंपोनंट आहे म्हणजे ती बाजू मेनपासून वेगळी आहे, तिथूनच जायचं.

लातूर_सीसीटीव्ही

पिक्सेल भाऊ, बीएनसी पॅनलला बसणारे घ्यायचे, मागं नट असतो ते. डब्याला भोक पाडल्यावर कडा कानशीनं घासून घे. केबलची लांबी दोन मीटर पुरे, आणि मांडवात केबल खालून नेताना वरून पट्टी ठोक. क्रिंपिंग टूल नसेल तर परभणीत कुठल्याही कॅमेरावाल्याकडं जा, आठ टोकं आहेत, चहा होईपर्यंत करून देईल.

परभणीकर_पिक्सेल

सामान आणायला उद्या निघतो. ट्रान्सकोडर तयार घ्यावा का बनवावा?

धाराशिव_ताई

तयार घ्या. त्यात हिरव्या-लाल-निळ्याची प्रमाणं अचूक बसवावी लागतात, गणपतीच्या आधी ते होणार नाही. घेताना इनपुटला आरजीबी आणि एकत्र सिंक दोन्ही लिहिलंय का तेवढं बघा, आणि सिंक ७५ ओहमवर मागतो का पाच व्होल्टचं लॉजिक मागतो तेही विचारा. ७५ ओहमवर मागत असेल तर एलएम१८८१ च्या पाय १ मधून ४७० लावूनच बाहेर काढा, लॉजिकचं मागत असेल तर ४७० नको.